माणसाआधीचा देव

मॉरिशसचं बेट समुद्रातून वर आलं त्याला ८० ते ९० लाख वर्षं झाली. माणूस तिथं चूल मांडून राहायला लागला तो १६३८ साली. त्याआधी अरब दर्यावर्दींना ते ठाऊक होतं, पोर्तुगीज गलबतं तिथं थांबून गेली होती, आणि १५९८मध्ये डच उतरले, मॉरिट्स या आपल्या राजपुत्राचं नाव बेटाला देऊन पुढं निघून गेले. म्हणजे लाखो वर्षं तिथं पाऊस पडला, झाडं वाढली, पाखरं घरटी करून पिलं काढत राहिली, आणि हे सगळं बघायला माणूस म्हणून कुणी नव्हतं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या आम्हा बिद्रीकरांना ही कल्पना करणं अवघड जातं. आमच्याकडं पाणंदीच्या वळणावर म्हसोबा असतो, विहिरीला साती आसरा असतात, बांधावर शेंदूर लावलेला एखादा दगड असतोच. माणसाशिवायची जमीन आम्ही पाहिलेली नाही, त्यामुळं देवाशिवायचीही नाही. म्हणूनच मॉरिशसमधल्या गंगातलावाच्या काठावर माझ्या थोरल्या जाऊबाईंनी जो प्रश्न विचारला तो त्यांना पडणं अगदी साहजिक होतं. त्यांना आम्ही घरात आक्का म्हणतो.

"हितं माणूसच न्हवता म्हंतीस. मग द्येव हुता का गं?"

मी हायस्कुलात भूगोल शिकवला. असे प्रश्न वर्गात कधी आले नाहीत. आक्कांनी तो विचारला आणि उरलेल्या सगळ्या प्रवासात मी तेच घोळवत राहिले.

आक्कांचा धाकटा मुलगा तिकडं बगॅसपासून वीज तयार करण्याच्या कामावर आहे. दूधगंगा-वेदगंगा कारखान्याचा भोंगा ऐकत वाढलेलं पोर, ते उसाच्या दुसऱ्या मुलखात जाऊन पोचलं. त्यानं आम्हा दोघींना महाशिवरात्रीच्या सुमाराला बोलावून घेतलं. बेट लहान आहे, आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या साधारण पाव भाग. विमान खाली येताना आक्का खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. समुद्राच्या निळ्या कडेपासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत ऊसच ऊस. "आगं, ह्यो तर आपलाच शिवार," असं त्या म्हणाल्या, आणि पुढं दगड बघितल्यावर ते बोलणं किती खरं आहे हे मला त्यांना सांगता आलं.

तिथल्या उसाच्या फडांत मधेच काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग रचलेले दिसतात. फड नांगरटीला आणण्यासाठी मजुरांनी हातांनी दगड वेचून काढले आणि रचून ठेवले. त्या मजुरांतले बहुतेक आपल्या देशातून गेलेले. २ नोव्हेंबर १८३४ला 'ॲटलस' जहाजातून पहिले ३६ जण पोर्ट लुईला उतरले, आणि त्यानंतरच्या काळात चार लाखांहून जास्त माणसं करारावर नेली गेली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी आणि खालच्या कोकणातले मराठी लोकही होते. पोर्ट लुईच्या धक्क्यावरच्या सोळा दगडी पायऱ्या आता आप्रवासी घाट म्हणून जपल्या आहेत. त्या पायऱ्या चढताना आक्कांनी चपला काढून हातात घेतल्या.

तर तो दगड. आक्कांनी एका ढिगातला धोंडा उचलला, उलटापालटा केला, आणि आपल्या गोठ्याच्या पायात आहे तसाच आहे म्हणाल्या. आहेच तसा. आपला दख्खनचा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थिजून तयार झाला. तेव्हा भारताचा भूखंड दक्षिणेला होता आणि पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त जागेवरून सरकत होता. बहुतेक भूगर्भशास्त्रज्ञांचं मत असं की जमीन उत्तरेला निघून आली, ती तप्त जागा मात्र मागंच राहिली, आणि तिनं वाटेत लक्षद्वीप, मालदीव यांच्या बुडाचा खडक घडवत शेवटी मॉरिशस वर काढलं. आज ती शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे. तिथला ज्वालामुखी अजून धगधगतो. बिद्रीच्या विहिरीत सुरुंग लावून जो खडक आपण फोडतो तो आणि मॉरिशसच्या फडातला तो धोंडा एकाच भट्टीतून निघालेत. शाळेत हे मी खडूनं फळ्यावर काढून दाखवायची. आक्कांच्या तळहातावर ते पहिल्यांदा वजनासकट दिसलं.

आक्कांच्या मनात मात्र दगड नव्हता, देव होता. आणि त्यांनी आपला प्रश्न आपणच अर्धा सोडवून टाकला होता. संत बाळूमामांच्या आदमापूरला अमावस्येला जाणारी ती बाई. बाळूमामांची बकरी शेतात उतरली तर सगळं घर धन्य मानणारी. त्यांचं म्हणणं असं: "पुंडलिकानं वीट टाकली म्हणून इठोबा हुबा ऱ्हायला. वीट टाकणाराच नसंल तर त्यो हुबा कुठं ऱ्हाणार?" भक्त नाही तिथं देव नाही. यात गैर काही नाही. आपली सगळी भक्तिपरंपरा याच अंगानं बोलते. देवाला भक्ताची गरज आहे, भक्तासाठी तो सगुण झाला, भक्तासाठी तो थांबला. माझे वडील माळकरी होते, हे मी त्यांच्या मांडीवर ऐकलेलं आहे.

गंगातलाव बघितला तर आक्कांचंच खरं वाटतं. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर, जुन्या ज्वालामुखीच्या मुखात साठलेलं ते पाणी. सभोवार झाडी, अंगावर येणारं धुकं, मधेच भुरभुर पाऊस. आधी लोक त्याला परी तलाव म्हणत. १८९८च्या सुमाराला त्रिओले गावातून पहिली पायी यात्रा तिथं आली असं सांगतात. १९७२मध्ये, शिवसागर रामगुलाम पंतप्रधान असताना, गंगोत्रीकडचं गंगाजल आणून त्या तलावात मिसळलं, आणि तेव्हापासून तो गंगातलाव. आता महाशिवरात्रीला लाखो माणसं बांबूची सजवलेली कावड खांद्यावर घेऊन, पांढऱ्या कपड्यांत, रात्रंदिवस चालत येतात. वाटेवर गावोगावचे लोक त्यांना सरबत आणि जेवण देतात, पैसे कुणी घेत नाही. आक्का म्हणाल्या, आपल्या वारीच्या वाटेवर असतं तसंच.

तिथं १०८ फुटी शंकराची मूर्ती आहे. तिच्यापुढं फोटो काढायला गर्दी असते. मला काठावरच्या साध्या पायऱ्याच जास्त आवडल्या. एक मराठी कुळीची म्हातारी तिथं भेटली. तिला मराठी बोलता येत नव्हतं, क्रिओल बोलायची, माझा पुतण्या, आक्कांचा मुलगा, मधे भाषांतर करत होता. पण गणपतीची आरती तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली, एकही ओळ न चुकता, आमच्याहून संथ चालीत. गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते आणि कोकणातल्या जाखडीचा नाच 'झाकरी' म्हणून तिकडचे मराठी लोक अजून नाचतात, हे तिच्याकडूनच कळलं. आक्कांना तर पुरावाच मिळाला. भाषा गेली, देव राहिला, कारण तो माणसांनी बरोबर नेला होता.

पण मला एक गोष्ट टोचत होती. ज्या तळ्यात १९७२मध्ये गंगा मिसळली, ते तळं त्याआधीही भरलेलं होतं. आत मासे होते, काठाला झाडं होती. माणसानं हाक मारेपर्यंत ते काय निव्वळ पाणी होतं? आपल्याकडंच या बाबतीत दोन रिती आहेत आणि त्या एकमेकींशी भांडत नाहीत, म्हणून आपल्याला त्यांतला फरक जाणवत नाही. एक रीत बोलावण्याची. कलश मांडला, गंगा-यमुनांना बोलावलं, त्या आल्या. दुसरी रीत हात न लावण्याची. राधानगरी, भुदरगड, आजऱ्याच्या बाजूला जुन्या देवराया आहेत. तिथं वाळलेली काटकीसुद्धा कुणी उचलत नाही. तिथल्या देवाला कुणी बोलावलेलं नसतं. तो आधीपासून आहे, माणसानं फक्त आपला हात आवरायचा. देवराईच्या हिशेबानं बघितलं तर १५९८पर्यंत मॉरिशस हे अख्खं बेट एकच देवराई होती.

हे आक्कांना मी तलावाच्या काठी सांगितलं तेव्हा त्या गप्प राहिल्या. त्यांना पटलं ते आग्नेय किनाऱ्याजवळच्या एका छोट्या बेटावर. इल ओ एग्रेत त्याचं नाव. जेमतेम २६ हेक्टर, प्रवाळाच्या खडकाचं. किनाऱ्यावरून होडीनं थोडक्यात पोचता येतं. मॉरिशसच्या मूळ जंगलातलं आता दोन टक्केही शिल्लक नाही. ते जंगल कसं होतं याची थोडी कल्पना या बेटावर येते, कारण मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशननं बाहेरून आलेली झाडं उपटून, उंदीर हटवून ते पुन्हा उभं केलंय. तिथं काळ्या लाकडाचं एबनीचं झाड आहे. ते आपल्या टेंभुर्णीच्या गोतातलं. फळ थेट खोडाला लागतं, खाली पडतं, आणि पडून राहतं. ते गिळणारी मोठी कासवं मॉरिशसमध्ये दोन जातींची होती. खलाशांनी ती जहाजात भरून नेली, खाल्ली, आणि दोन्ही जाती संपल्या. त्यानंतर एबनीच्या बिया आईच्या सावलीतच सडत राहिल्या. मग २००० साली अल्डाब्रा बेटावरच्या, वेगळ्या जातीच्या पण तेवढ्याच थोर अंगाच्या कासवांना तिथं आणलं. ती फळं गिळतात, लांब चालत जातात, आणि त्यांच्या लेंडातून पडलेलं बी नुसत्या पडलेल्या बियांपेक्षा चांगलं रुजतं. हे मोजून सिद्ध झालेलं आहे.

आम्ही गेलो तेव्हा एक कासव पायवाटेवरच पसरलं होतं. पाठ घमेल्यापेक्षा मोठी, मानेची कातडी सुरकुतलेली, डोळा ओला. तोंडाशी एक फळ होतं. त्यानं मान लांब केली, फळ चुकलं, पुन्हा मान लांब केली. ते एक फळ तोंडात जायला इतका वेळ लागला की बाकीचे प्रवासी पुढं निघून गेले. आक्का तिथंच उकिडव्या बसल्या. जरा पुढं वाळलेलं लेंड होतं, त्यातून दोन पानांचं रोप वर आलेलं. आक्कांनी ते बोट न लावता बघितलं आणि म्हणाल्या, "ही तर मामांची बकरीच की गं. जातील तितं रान पिकवणारी." मग कासवाला हात जोडले. आपल्या देवळात गाभाऱ्यात शिरण्याआधी दगडी कासव असतं, त्याला आधी हात लावायचा. हे त्यांनी आयुष्यभर केलं. जिवंत कासवापुढं तसं करताना त्यांना काही वेगळं वाटलं नसावं. मला वाटलं.

मला वाटलं ते असं. झाड फळ देतं, कासव ते नेतं, बी उजेडात जातं. यात घेणारा आहे, देणारा आहे, वाट बघणं आहे. पुंडलिक आणि विठोबा यांच्यात जे आहे, ते सगळं इथं माणसाशिवाय चाललं होतं. आक्कांचा नियम मोडत नाही. भक्ताशिवाय देव नाही हे खरं धरूया. पण भक्त दोन पायांचाच असला पाहिजे असं कुणी ठरवलं?

वडिलांमुळं अमृतानुभव माझ्या हातात आला. मला तो पुरता कळला असं मी म्हणणार नाही. पण ज्ञानदेव तिथं एका गोष्टीवर ठाम उभे आहेत. जग म्हणजे अज्ञानानं पडलेला पडदा, हे त्यांना मान्य नाही. अज्ञानाचं खंडन करायला त्यांनी मोठं प्रकरण खर्ची घातलंय. जे दिसतं तो चैतन्याचाच विलास आहे, आणि पाहणारा व दिसणारं या दोन वेगळ्या वस्तू नाहीत. हे धरलं तर बेट रिकामं होतं असं म्हणताच येत नाही. बघणारा तिथं होता, बेटाच्याच रूपानं. बेटावरच्या ल मॉर्न डोंगराजवळ समुद्राखाली प्रचंड धबधबा कोसळतोय असं हेलिकॉप्टरमधून दिसतं. त्याचे फोटो सगळीकडं विकायला असतात. खरं म्हणजे तिथं वाळू आणि गाळ उतारावरून खोल पाण्यात ओघळतो. मायावादी माणूस म्हणेल, बघा, भ्रम. मला तसं वाटत नाही. वाळू खरी आहे, उतार खरा आहे, घसरणं खरं आहे. चुकलं ते फक्त आपण त्याला दिलेलं नाव. ते घसरणं बघायला कुणी हेलिकॉप्टर घेऊन जावो न जावो, चालूच असतं.

आणि मग एकाच्या जागी दुसरं बसवण्याचा, प्रतिनिधीचा, प्रश्नही सुटतो. अल्डाब्राचं कासव हे मेलेल्या कासवाच्या जागी बसवलेलं आहे, गंगातलाव हा गंगेच्या जागी. शहाणी माणसं हे खोटं म्हणतील. पण आपल्या पूजेत सुपारीचा गणपती होतो, घरात नसलेल्या उपचारापोटी अक्षता वाहतात, आणि पूजा पुरी होते. जागा घेणाऱ्यानं काम घेतलं की झालं. कासव बी रुजवतं. गंगातलावानं समुद्रापलीकडं अडकलेल्या, परतीची वाट बंद झालेल्या लाखो माणसांना मागणं मागायला पाणी दिलं. काळं पाणी ओलांडलं म्हणून ज्यांचा धर्म बुडाला असं मागं राहिलेल्यांनी म्हटलं, त्यांना त्या तळ्यानं धर्म परत दिला. त्याला मी मनापासून तीर्थ म्हणते.

याच बेटावरच्या शामारेलची सात रंगांची माती बघायला मात्र माझं मन लागलं नाही. बघण्यासारखी आहे. तांबडी, जांभळी, पिवळसर अशा लाटा उन्हात पसरलेल्या, भोवती कुंपण, लाकडी कट्ट्यावरून बघायचं, पाय ठेवायचा नाही. काळा खडक ऊन-पावसानं झिजून लोखंडाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं तेवढी मागं राहिली, त्यांचे हे रंग. आपल्या राधानगरी-शाहूवाडीच्या सड्यांवर हीच झीज झालेली आहे. त्याच खडकाची, त्याच तऱ्हेची. तिथं तिकीट काढून लांबून बघायची वस्तू, ती आपल्याकडं बॉक्साईट म्हणून डंपर भरून जाते. मी कट्ट्यावर उभी होते आणि सड्यावर पावसाळ्यात उगवणारी फुलं, खाणीच्या धुळीनं माखलेली झाडं डोळ्यांपुढं येत होती.

इल ओ एग्रेतहून परतताना होडीवाल्यानं हात करून प्रवाळाची एक बाजू दाखवली. २५ जुलै २०२०ला 'वाकाशिओ' हे मालवाहू जहाज तिथं चढलं. ६ ऑगस्टला त्याची टाकी फुटली आणि सुमारे हजार टन इंधनतेल त्या निळ्या पाण्यात उतरलं. लोक कुणाच्या सांगण्याची वाट बघत थांबले नाहीत. माएबुर्गच्या किनाऱ्यावर जमले. कापडाच्या लांब पिशव्या शिवल्या, त्यात उसाचं पाचट ठासून भरलं, तरंगाव्यात म्हणून रिकाम्या बाटल्या बांधल्या आणि तेल अडवायला पाण्यात सोडल्या. ऑगस्टमध्ये तिकडं तोडणीचा हंगाम असतो, पाचट हवं तेवढं. कुणी केस कापून दिले, तेल शोषायला. इल ओ एग्रेतच्या रोपवाटिकेतली रोपं होडीतून सुरक्षित जागी हलवली. त्यात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळेच होते.

पाचट म्हटल्यावर आक्का उठून बसल्या. "पाचाट? आपण जाळतो त्ये?" त्यांनी मुलाकडून तीनतीनदा विचारून घेतलं, पिशव्या कशा शिवल्या, तोंड कशानं बांधलं, भिजल्यावर जड होत नव्हत्या का. त्या कासवावरून माझ्या मनात जे आलं होतं त्यापेक्षा ही गोष्ट त्यांना जास्त पोचली. "म्हंजे द्येव आधीपास्नंच हुता," त्या म्हणाल्या, "ह्यांनी त्येची चाकरी उशिरा धरली."

एवढ्यावर आमचं मिटलं असतं. पण परतीच्या आधी पोर्ट लुईच्या निसर्गइतिहासाच्या संग्रहालयात गेलो. तिथं काचेआड डोडोचा सांगाडा आहे, एकाच पक्ष्याचा पूर्ण असा. डोडोला उडता येत नव्हतं, माणसाचं भय माहीत नव्हतं, अंडी जमिनीवर घालायचा. माणसांबरोबर आलेल्या डुकरांनी, उंदरांनी, माकडांनी ती खाल्ली, वर जंगल तुटलं. डच उतरल्याला शंभर वर्षंही झाली नव्हती तोवर तो संपला. त्या बेटावरचा ससाणा १९७४मध्ये रानात चारच उरला होता, तो माणसांनी जिवाचं रान करून वाचवला. गुलाबी कबूतरही दहाच्या आसपास उरलेलं, ते वाचवलं. कासवाच्या जागी कासव आणलं. डोडोच्या जागी काय आणायचं? त्याला सुपारी नाही, अक्षता नाहीत. चैतन्याच्या विलासात काही हरवत नाही हे मला वाचून ठाऊक आहे, पण त्या काचेपुढं ते वाक्य तोंडातून निघालं नाही, आणि अजूनही मला त्याचं उत्तर सापडलेलं नाही.

आक्कांनी वेगळंच विचारलं. "ह्येचं सुतक कुणी धरलं?"

कुणी धरलं नव्हतं. धरणारं कुणी नव्हतंच. सुतक भाऊबंदांना लागतं. मी म्हटलं, आक्का, तो पाखराचा सांगाडा, आपल्याला कसं लागेल? त्या म्हणाल्या, तूच तर सांगितलंस, दगड एक हाय म्हणून. मयताची बातमी वर्षानंतर कळली तर दिवस धरावे लागत नाहीत, नुसती अंघोळ करायची, ही रीत त्यांना पाठ. घरी आल्या आल्या त्यांनी मुलाच्या बाथरूममध्ये डोक्यावरून पाणी घेतलं, ओले केस पुसत बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "तू बी घे जा, मग भाकरी टाकू." मी गेले.